दुपारी दोन-दहाचा वाचक

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ७.१०

नवी वही. संकल्प तीन.

एक, रघुजीचे व्हिडिओ बघायचे नाहीत. दोन, मंडळाच्या संकेतस्थळावर रोज दोन तास काम. तीन, फोन हा फक्त फोन करण्यासाठी.

पहिल्या संकल्पाबद्दल खुलासा: मी ते व्हिडिओ तसेही बघत नाही. ते समोर येतात. दहा सेकंद दिसतात, मी बंद करतो. दहाच्या वर एकदाही नाही.

रघुजीचं एट्थ क्रॉस रस्त्यावर धान्याचं दुकान आहे. चार पिढ्या मल्लेश्वरममध्ये. मराठी बोलतो, पण निम्मं कन्नड. २००६ साली या माणसाला ईमेल मी उघडून दिला. पासवर्ड त्याने दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. गिऱ्हाइकं वाचायची. हा आता रोज एक मिनिटाचा व्हिडिओ टाकतो. एक भाजी हातात धरायची, तिचं कन्नड नाव सांगायचं, मराठी नाव सांगायचं, काय करून खायचं ते सांगायचं. पुण्या-नागपूरहून आलेली आयटीची पोरं बघतात. अठरा हजार फॉलोअर. आमच्या मंडळाचे स्थापनेपासूनचे सगळे सभासद, दिवंगत धरून, चारशे बारा.

मला हेवा वाटत नाही. लिहून ठेवतो: वाटत नाही.

सायं. ६.३०. पहिला संकल्प शाबूत. सौ. वासंतीच्या फोनवर लागला होता, तो कानावर पडला. कानाला झाकण नसतं.

३ जानेवारी, शुक्रवार

संकेतस्थळाचं काम. दोन तास.

वासंती त्याला 'तुमचं ते कॉम्प्युटरमधलं' म्हणते. मल्लेश्वरम मराठी स्नेहवर्धिनीचं अधिकृत संकेतस्थळ, २००७ पासून, संस्थापक आणि संपादक श्रीरंग उपळेकर. वर फिरती समई. खाली पळती ओळ: 'हे संकेतस्थळ संगणकावरच पाहावे.' मुख्य आकर्षण, कन्नड–मराठी शब्दसंग्रह, अकराशे चाळीस शब्द, सत्तेचाळीस पानं. संकलक, तोच. कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक सेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं काम आहे, कुठे एक काना इकडचा तिकडे नाही.

आता बघा. हीरेकाई म्हणजे दोडका हे २००९ पासून माझ्या पान बारावर आहे. परवा रघुजीने दोडका हातात धरून तेच सांगितलं. बावीस हजार लोकांनी पाहिलं. म्हणजे दोडका तोच, अर्थ तोच. फरक एवढाच, की याला टाइप करता येत नाही.

आज काम: समईचा वेग थोडा कमी केला.

५ जानेवारी, रविवार. दुपारी

सिद्धी आली होती, मारतहळ्ळीहून, मेट्रो आणि बस मिळून दोन तास. वडिलांना भेटायला आली असं मला वाटलं. आल्या आल्या एट्थ क्रॉसला गेली, ऑफिसमधल्या तिघींना रघुजीकाका दाखवायचा होता म्हणे. त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले. ज्या मुलीला मी स्वतः कंप्युटर चालू करायला शिकवला!

नंतर वेळ काढून माझ्याजवळ बसली. म्हणाली, बाबा, हल्ली वेबसाइटवर कोणी जात नाही, सगळं फोनवर, तिथल्या तिथे, अंगठ्याने. मी म्हणालो ही फॅशन आहे, जाईल. ती म्हणाली आईला बघा. आई फोनशी बोलते. खरं आहे. वासंती फोन तोंडासमोर धरून विचारते, मेथीच्या लाडवाला गूळ किती घ्यायचा, जशी पलीकडे शेजारीण उभी आहे. आणि फोन सांगतो! वीस वर्षं मी तिला समजावतोय की आधी पत्ता टाइप करायचा, तीन वेळा डब्ल्यू. तिने एकदाही ऐकलं नाही.

सिद्धीने संकेतस्थळाला एक मीटर बसवून दिला. कोण आलं, किती वाजता आलं, फोनवरून की कंप्युटरवरून, सगळं कळतं. मी म्हणालो बसव, कळू दे सगळ्यांना.

जाता जाता माझा फोन हातात घेऊन हसली. दिवसाला चार तास दहा मिनिटं वापर दाखवतोय म्हणे. मी घड्याळ बघतो, म्हणालो.

८ जानेवारी, बुधवार. सकाळी ८.००

मीटरचा पहिला अहवाल. तीन दिवसांत भेटी एकशे सहा!

सकाळी ८.४०. त्यातल्या एकशे तीन आमच्याच कंप्युटरवरून. मीटर सदोष असावा.

सकाळी ९.१५. पण तीन! तीन भेटी बाहेरच्या. फोनवरून. रोज एक, रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, रोज पंचवीस मिनिटं. फक्त शब्दसंग्रह. एका दिवशी एक पान, अगदी क्रमाने.

कोणीतरी वाचतंय. पंचवीस मिनिटं! रघुजीचं गिऱ्हाईक एका मिनिटात पुढे सरकतं.

वासंतीला सांगितलं. ती पालक निवडत होती. हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं?

१० जानेवारी, शुक्रवार

वाईट बातमी. मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव यांचा फोन. ९ फेब्रुवारीला वार्षिक सभा. विषय क्रमांक सहा: संकेतस्थळ बंद करून मोबाइलवर चॅनेल सुरू करणे, आणि ते रघुजीकडे सोपवणे.

मी विचारलं कारण काय. म्हणाले, श्रीरंगराव, कोणी बघत नाही हो. मी शांतपणे म्हणालो, बघतात. म्हणाले, कोण? मी म्हणालो, सभेत सांगेन.

अठरा वर्षं. गणपतीचे फोटो, वधूवर सूची, हळदीकुंकवाच्या तारखा, सगळं मी चढवलं. संक्रांतीला लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, श्रीरंगराव, तुमच्यामुळे मंडळ इंटरनेटवर आलं. सहा-सात वर्षं झाली, कोणी थांबवत नाही. परवा एक जण थांबला. म्हणाला, तुम्ही रघुजींच्या ओळखीचे ना?

दोन-दहाचा वाचक हेच आता माझं अस्त्र. एक असला तरी दर्दी आहे. काल गुरुवारी मात्र आला नाही. आज पुन्हा बरोब्बर दोन-दहाला हजर. गुरुवारी मौन पाळत असणार. मोठा माणूस दिसतो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

रघुजीचा व्हिडिओ: तिळगूळ आणि एळ्ळु-बेल्ल. म्हणजे इथले लोक तीळ, गूळ, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे असं सुटंच मिसळून वाटतात ते. एका वाटीत आपला लाडू, एका वाटीत त्यांचं, आणि तो दोन्ही खातो. संपला व्हिडिओ. सकाळपासून दोन लाख लोकांनी पाहिला. दोन लाख! लोकांना सणाच्या दिवशी दुसरी कामं नसतात का?

मी दहा सेकंद पाहिला. पण त्या दहा सेकंदांत जे पाहिलं ते लिहायला हात धजत नाही.

वाट्या धरणारा हात ओळखीचा होता. हातात पाटली. ती पाटली २००४ च्या दिवाळीला मी केलेली आहे.

सायं. ५.००. वासंतीला विचारलं. अहो, मग काय झालं, म्हणाली. गेले सात महिने सकाळी भाजी आणायला जाते तेव्हा पाच मिनिटं हात धरते. रघुजी बोलतो, फोन धान्याच्या पोत्याला टेकवलेला असतो, भाजी धरायला कोणीतरी लागतं. दोघे एकाच गल्लीत वाढलेले, तो तिला अक्का म्हणतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी विचारलं मला का सांगितलं नाहीस. म्हणाली तुम्ही बघता ना व्हिडिओ, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

बघत नाही म्हणावं तर हात कुठे दिसला, आणि बघतो म्हणावं तर सात महिने काय बघितलं.

सायं. ७.१५. रघुजी तिळगूळ द्यायला आला. तो चॅनेलचं काही बोलणार तेवढ्यात मी कारखान्याचा विषय काढला. जाताना जिन्यात थांबून म्हणाला, अण्णा, स्वल्प शेवटपर्यंत बघत जावा की. मला कळत नाही असं वाटतं त्याला! ही सगळी मंडळी असंच मागतात. शेवटपर्यंत पाहिलं की यांचा आकडा वाढतो. मी देणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

ठरलं. लोकांना व्हिडिओ पाहिजे ना? देतो. शब्दसंग्रहाची प्रस्तावना मी स्वतः वाचणार. सदरा इस्त्री केला. मागे पुस्तकांचं कपाट. फोन आडवा ठेवला, सिनेमा आडवा असतो. अकरा मिनिटं वीस सेकंद. एकदाही अडखळलो नाही.

दुपारी १.३०. टाकला.

दुपारी ३.००. तीन जणांनी पाहिला.

सायं. ६.००. सात. त्यात तीन वेळा मी. एक सिद्धी. तिने फोन करून सांगितलं, बाबा, फोन उभा धरायचा असतो, आणि कॅमेऱ्यात बघायचं असतं, तुम्ही सगळा वेळ पंख्याकडे बघताय. मी म्हणालो मी विचार करत होतो.

वासंतीने पाहिला नाही. तिला म्हणे रघुजीकडे अवरेकाईचा, म्हणजे इथल्या वालाच्या शेंगांचा व्हिडिओ करायचा होता, त्याचा सीझन संपत आला. माझा काय कायम राहणार आहे!

खरं लिहायचं तर, वाटतो. हेवा वाटतो. दोडका हातात धरून हसणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटतो, आणि त्या दोडक्याचासुद्धा, कारण तो वासंतीच्या हातात आहे. हे पान फाडून टाकायचं आहे.

२२ जानेवारी, बुधवार

फार मोठा शोध. रघुजी चोर आहे.

सोमवारी दोन-दहाच्या वाचकाने माझं पान एकतीस वाचलं: पालेभाज्या. मंगळवारी सकाळी रघुजीच्या व्हिडिओत सब्बसिगे सोप्पु, म्हणजे शेपू. शब्दसुद्धा माझेच. 'शेपू ही बिचारी भाजी आहे, खाणारे थोडे पण निष्ठावान.' हे माझं वाक्य! पान एकतीस, तळटीप. त्याने ते खुशाल म्हटलं आणि वर हसला. मी तिथेच बंद केला.

पण माझ्याकडून चोरलं कसं? रघुजीला संकेतस्थळ म्हणजे काय ते समजत नाही. त्याला टाइप करता येत नाही. उघडणार कसं? वासंतीने तोंडी सांगितलं असेल. शब्दसंग्रहाच्या वेळी तीच बसायची माझ्याजवळ, ती बोलायची आणि मी टाइप करायचो. पण तळटीप तिला पाठ असेल का? तसं ते वाक्य मुळात तिचंच. पण टाइप मी केलं.

सभेत दोन कागद काढायचे. पहिला, दोन-दहाच्या वाचकाचा जाहीर सत्कार. दुसरा, वाङ्मयचौर्य. पहिल्याने माझी बाजू उभी राहील, दुसऱ्याने त्याची आडवी होईल.

२७ जानेवारी, सोमवार

वाचक कोण यावर विचार. वर्णन जुळवलं. शिस्तीचा. दुपारी जेवून निवांत वाचणारा, म्हणजे वयस्कर. गुरुवारी कधीच नाही, तीन गुरुवार तपासले. बहुधा टाटा इन्स्टिट्यूटमधले कोणी निवृत्त प्राध्यापक. मराठीवर प्रेम, कन्नडची जिज्ञासा. एकटे राहत असावेत. फोनवर वाचतात म्हणजे गादीवर पडून वाचत असतील, पाठ दुखत असेल बिचाऱ्यांची.

मी त्यांच्यासाठी अक्षरं मोठी करायचा प्रयत्न केला. समई पानाच्या बाहेर गेली. पूर्ववत केलं.

३० जानेवारी, गुरुवार

कडधान्य संपलं म्हणून वासंतीने दुकानात पाठवलं. दोन महिन्यांनी गेलो. रघुजी नव्हता. गुरुवारी तो माल आणायला यशवंतपूरच्या बाजारात जातो, सकाळी गेला की संध्याकाळी येतो. बरं झालं, तोंड बघावं लागलं नाही.

दुकानासमोर चार पोरं उभी. मारतहळ्ळीहून आली होती, आज रघुजी नसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला विचारलं, काका, रघुजी कुठे? मी त्यांना संकेतस्थळाचा पत्ता सांगितला. एकाने विचारलं, ते कुठलं ॲप? मी म्हणालो, ॲप नाही, तीन वेळा डब्ल्यू. पोरगं माझ्याकडे इतक्या दयेनं बघायला लागलं की मी मूग न घेताच घरी आलो.

वाचक आजही आला नाही. मौन.

१ फेब्रुवारी, शनिवार

मुखपृष्ठावर निवेदन चढवलं. चौकटीत, लाल अक्षरांत:

'रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी येणाऱ्या सुज्ञ वाचकास सप्रेम नमस्कार. आपली ओळख नसली तरी आपल्यासारखा एक वाचक लाखांच्या बरोबरीचा. ९ फेब्रुवारीच्या सभेस अवश्य यावे. शाल-श्रीफळ देऊन आपला सत्कार करण्याचे भाग्य मला लाभावे. आपला, श्रीरंग उपळेकर.'

दुपारी २.१०. आला. मी मीटरसमोर बसून होतो. निवेदनाच्या पानावर थांबला. पाच मिनिटं. दहा. अठ्ठेचाळीस मिनिटं! भारावून गेले असणार. मलाही भरून आलं. कोणी आपलं लिहिलेलं एवढा वेळ बघत बसलंय, हे बऱ्याच वर्षांनी झालं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०.३०

रघुजी घरी आला. दाराशी उभा. इस्त्रीचा शर्ट. आत या म्हणावं लागलं. बसला नाही. चप्पल काढून उभाच. विचारलं, अण्णा, तो सत्कार खरोखर करणार काय? मी म्हणालो, तुला कोणी सांगितलं? तो वासंतीकडे बघायला लागला, वासंती भिंतीकडे. मी म्हणालो, खरोखर करणार. तो म्हणाला, अण्णा, एवढ्या लोकांत नको, लाज वाटते. मी म्हणालो, तुला कशाला लाज वाटायला पाहिजे, सत्कार विद्वानाचा आहे. तो म्हणाला तसं नव्हे अण्णा, स्वल्प ऐका. मी म्हणालो मला काम आहे.

गेला बिचारा. घाबरला आहे. वाचक असल्याचं सिद्ध झालं की त्याचं चॅनेल बुडालं, हे त्याला कळलंय.

वासंती म्हणाली, अहो, त्याचं ऐकून तरी घ्यायचं. मी म्हणालो, तू कोणाच्या बाजूची आहेस ते आधी ठरव. ती म्हणाली, मी दोडका धरते, एवढंच. आणि आत गेली.

८ फेब्रुवारी, शनिवार

तयारी पूर्ण. शाल आणली. नारळ वाजवून घेतला. भाषणाचे कागद: सत्कार उजव्या खिशात, चोरी डाव्या खिशात. अदलाबदल होता कामा नये.

प्राध्यापकसाहेब शेवटच्या पानाला आले आहेत. सत्तेचाळीसपैकी शेहेचाळीस झाली, आता एकच राहिलंय.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.००

निघतो. आज निकाल.

सायं. ८.००

क्रमाने लिहितो.

सभेला नव्वद माणसं. एरवी बावीस असतात. साठेक तरी तरुण पोरं-पोरी. मी वासंतीला म्हणालो, बघ, निवेदनाचा परिणाम. मग कळलं, रघुजीने व्हिडिओत सांगितलं होतं, या म्हणून.

विषय क्रमांक सहा. मी उठलो, उजवा खिसा. चांगलं बोललो. खपाच्या मागे लागलेल्या या काळात पंचवीस-पंचवीस मिनिटं वाचणारा एक माणूस आहे, असं म्हणालो. म्हणालो, ते वाचक इथे असतील तर कृपया पुढे यावे.

कोणी उठलं नाही. मी पहिल्या रांगेत पांढरे केस शोधत होतो. पुन्हा म्हणालो, कृपया पुढे यावे. तेवढ्यात मागे, चहाच्या थर्मासपाशी, रघुजी हात पुसत पुढे यायला लागला. मी माइकवर म्हणालो, चहा नंतर.

सगळे हसले. रघुजी थांबला नाही. व्यासपीठाशी आला, खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. फोनवर पान सत्तेचाळीस. माझी समई फिरत होती, मुगाएवढी.

दुपारी दुकान बंद करून जेवल्यावर वाचतो, म्हणाला. रोज एक पान. अक्षर लई बारीक, दोन बोटांनी मोठं करत करत वाचतो, म्हणून पंचवीस मिनिटं लागतात. टाइप करता येत नाही, म्हणून अक्काने एकदा उघडून दिलं, तेव्हापासून तसंच उघडं ठेवलंय. हा दुसरा फेरा. पहिला गेल्या वर्षीच झाला. गुरुवारी यशवंतपूर असतं, म्हणून नाही जमत अण्णा, मनावर घेऊ नका.

मनावर घेऊ नका!

मग माइक आपल्याकडे ओढून लोकांना म्हणाला, माझं स्वतःचं यात काही नाही, सगळं अण्णांच्या साइटवरचं आहे, मी फक्त तोंडाने सांगतो. पोरं ओरडली, माहीत आहे! साठ जणांना माहीत होतं. रोज व्हिडिओच्या शेवटी सांगतो म्हणे. शेवटी. माझा दहा सेकंदांचा नियम.

शाल घातली. नारळ दिला. त्याने वाकून नमस्कार केला. इतका वेळ मी त्याच्यावर चिडलेला, आणि तो माझ्या पाया पडतोय. डावा खिसा जळत होता.

मग ठराव. मला बोलायचं होतं, काय ते माहीत नव्हतं, पण बोलायचं होतं. म्हणून हात वर केला. भगवंतरावांनी तो बाजूने मोजला. एकमताने मंजूर. संकेतस्थळ ३१ मार्चला बंद.

डाव्या खिशातला कागद सदरा धुवायला टाकण्याआधी काढायचा आहे. वासंतीच्या हाती लागता कामा नये.

१० फेब्रुवारी, सोमवार

रघुजीचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. पहिल्यांदा. सत्तावन्न सेकंदांचा आहे. त्रेपन्नाव्या सेकंदाला तो कॅमेऱ्यात बघून म्हणतो, शब्द आमच्या श्रीरंगअण्णांचे, त्यांना नमस्कार. हात जोडतो. मग हसतो. मग संपतो.

दिवसभर तेच केलं. दोनशे अठरा व्हिडिओ आहेत. संक्रांतीच्या त्या व्हिडिओतही आहे. म्हणजे माझं नाव दोन लाख लोकांनी ऐकलंय, फक्त मी नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नीट विचार केला. म्हणजे मुळात हे सगळं यश माझंच आहे. तो केवळ तोंड. तरी दोन तक्रारी: आठ व्हिडिओंत नाव घ्यायचं राहिलंय, आणि एकूणच चार सेकंद फार कमी.

हे वासंतीला सांगितलं. ती शेंगा मोडत होती. मान वर न करता तिने विचारलं, अहो, तुमच्या त्या कॉम्प्युटरमधल्यात माझं नाव कुठे आहे?

असेल की, म्हणालो. कुठेतरी असेलच.

दुपारी १२.४०. कंट्रोल एफ करून शोधलं. श्रीरंग: एकोणीस ठिकाणी. वासंती: कुठे नाही. सभासद यादीत आहे, 'सौ. श्रीरंग उपळेकर' म्हणून. ते एकोणिसात धरलेलं आहे.

अकराशे चाळीस शब्द. मला अडतीस वर्षं या गावात होऊन आजही रिक्षावाल्याशी धड बोलता येत नाही. रोज संध्याकाळी स्वयंपाक आटपून ती शेजारी येऊन बसायची आणि एकेक शब्द सांगायची, तीन वर्षं. रघुजीने चार सेकंद तरी दिले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुरुस्ती चालू.

मसुदा पहिला: 'या कामी सौ. वासंती यांचे सहकार्य लाभले.' वाचला. खोडला.

मसुदा दुसरा: 'मोलाचे सहकार्य लाभले.' खोडला.

मसुदा तिसरा अर्ध्यातच सोडला. त्यात 'प्रेरणा' आली होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२.००

चढवलं. मुखपृष्ठावर, समईच्या खाली: 'या संग्रहातले सगळे शब्द वासंतीने सांगितले. मी ते टाइप केले.' एवढंच. संकलक हा शब्द काढून टाकला. काढताना त्रास झाला, खोटं कशाला लिहू.

चढवल्यावर लक्षात आलं, आज गुरुवार. एकमेव वाचक यशवंतपूरला.

दुपारी २.१०. भेटी: एक! फोनवरून!

उठून बाहेर पाहिलं. वासंती पलंगावर फोन घेऊन बसली होती. चष्मा कपाळावर, दोन बोटांनी मोठं करत होती. मी दाराशी उभा राहिलो. मग म्हणाली, अहो, अक्षर फार बारीक आहे, लागत नाही. काय लिहिलंय ते तोंडानेच सांगा.

तोंडाने! टाइप करायला तीन दिवस लागले होते.

सांगितलं. दोनच वाक्यं. तिने ऐकून घेतलं. चष्मा डोळ्यांवर घेतला. सरी, म्हणाली, म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे.

मग शेवग्याच्या शेंगा घेऊन खिडकीपाशी उजेडात जाऊन बसली. गुरुवारी रघुजी नसतो, त्या दिवशीचा व्हिडिओ यापुढे ती घरूनच करणार, हे मला आजच कळलं. माझ्या हातात फोन दिला. धरा म्हणाली. धरला. आडवा नाही, उभा, म्हणाली.

सायं. ५.००. सिद्धीला कळवलं, चॅनेलची तांत्रिक बाजू आता मी सांभाळतो. पहिला व्हिडिओ झाला. माझा हात हलत होता म्हणून चार वेळा घ्यावा लागला, पाचव्यांदा तिने फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला.